उतार आणि तर : नदीपलीकडे जाण्याचे दोन शब्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगलीत मुद्रितशोधनाचं काम करते. गावांचे इतिहास, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे विशेषांक असा मजकूर माझ्याकडे येतो. कृष्णाकाठचा मजकूर म्हटला की त्यात नदी येतेच आणि नदी आली की 'उतार' व 'तर' या दोन शब्दांचा घोळही येतो. कुणी नावेच्या जागेला उतार म्हणतं, कुणी उताराच्या जागी 'घसरण' लिहून मोकळं होतं, तर कुणाला 'तर' हे नाम आहे हेच पटत नाही. गेल्या काही वर्षांत लिहिणाऱ्यांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थोडक्यात फरक काय?

नदी पायांनी पार करता येते ती जागा म्हणजे उतार. नावेने पलीकडे नेण्याची सोय म्हणजे तर. त्यात नाव आली, नावाडी आला, नाव लागण्याचा ठरलेला काठ आला. उतारावर तुमचे पाय तळाला टेकलेले असतात, तरीत तुम्ही आणि तळ यांच्यामध्ये पाणी असतं. उतार नदीने दिलेला असतो, म्हणून तो सापडतो किंवा मोडतो. तर माणसांनी चालवलेली असते, म्हणून ती सुरू होते, बंद पडते, तिला पैसे पडतात.

पण उतार म्हणजे चढाच्या उलट ना?

हो, तोही उतार. घाटातला उतार, वयाचा उतार, तापाला पडलेला उतार, हे सगळे एकाच क्रियापदातून आलेत. नदीकाठी उभं राहून पाहिलं की दोन्ही अर्थांतलं नातं दिसतं. उभ्या दरडीवरून कुणी पाण्यात शिरत नाही. काठ जिथे हळूहळू खाली येतो, बैल आणि गाडी जिथे न कोसळता पाण्यापर्यंत जाऊ शकते, तिथेच माणसं उतरली आणि तळ लागला तर तशीच पलीकडे चढली. म्हणून 'नदीला इथं उतार आहे' या वाक्यात काठाचं वळण आणि पाण्याची खोली अशा दोन्ही गोष्टी येतात. संपादन करताना हे वाक्य 'नदीला इथे तीव्र उतार आहे' असं कुणी सुधारलं की अर्थ पार उलटा होतो. माझ्या हातून असं एकदा छापून गेलंय, म्हणून आता मी या शब्दापाशी दोनदा थांबते.

'पाण्याला उतार' आणि 'नदीला उतार' हे एकच का?

नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय.

'पाण्याला उतार पडला' म्हणजे पूर ओसरू लागला. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचे कान या वाक्याकडे लागलेले असतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी दोन इंच पाणी उतरलं तरी 'उतार पडला' म्हणतात आणि ते बरोबरच असतं. 'नदीला उतार आहे' म्हणजे मात्र नदी चालत पार करता येते. पहिलं वाक्य पाण्याच्या कलाविषयी बोलतं, दुसरं तुमच्या पायांविषयी.

त्याच पुरात माझा मामेभाऊ पुण्याहून गावाकडे निघाला होता. गाव ओढ्यापलीकडे. मामाने फोनवर सांगितलं, "आरं, उतार पडलाय, काळजी नको." मामाला म्हणायचं होतं की पाणी उतरायला लागलंय, घर वाचलं. भाऊ पुण्यात वाढलेला. त्याला वाटलं, ओढ्याला उतार पडला, म्हणजे आता जाता येईल. त्याने मोटारसायकल फरशीवर, म्हणजे ओढ्याच्या पात्रातल्या बुटक्या रस्त्यावर, घातली. पाणी गुडघ्याच्याही खाली होतं, पण ओढ होती. फरशीच्या मध्यावर मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. काठावरच्या पोरांनी कासरा टाकला म्हणून तो वाचला. गाडी दोन दिवसांनी खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. मामा आजही म्हणतात, "मी त्याला ये म्हटलंच नव्हतं." ते खरंच आहे.

इथे आकडे सांगायलाच हवेत. जोरात वाहणारं पाणी घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं. साधारण ३० सेंटिमीटरला लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक वाहनं वाहून जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून उतार ठरवताना खोलीइतकीच ओढ बघावी लागते. फोनवर बोलताना 'पाणी ओसरतंय, पण रस्ता बंद आहे' असं पूर्ण सांगावं. एका 'उतार' शब्दावर कुणाला सोडू नये.

'तर' हा शब्द वाक्यात कसा वापरायचा?

तो स्त्रीलिंगी आहे : ती तर, तरीने, तरीत, तरीवर. 'आम्ही तरीने पलीकडे गेलो.' 'पावसाळ्यात तर बंद असते.' अडचण अशी की 'जर-तर'मधला 'तर' दिवसातून शंभर वेळा येतो आणि हे नाम त्याच्याखाली दडपून जातं. वर मी लिहिलेलं 'तर माणसांनी चालवलेली असते' हे वाक्य पुन्हा वाचून पाहा. पहिल्या वाचनात तुम्हीही कदाचित अडखळला असाल. त्यामुळे लिहिताना शक्यतो 'तरीने', 'तरीवर' अशी विभक्तीची रूपं वापरावीत किंवा गावाचं नाव आधी लावावं. तेवढ्याने घोटाळा मिटतो.

आमच्याकडे 'तर' कुणी म्हणत नाही, 'नाव' म्हणतात. मग लिहायचं काय?

'नाव' लिहा. 'तर' हा शब्द जास्त करून कोकणात, खाडीच्या काठी बोलण्यात राहिला. कृष्णा-वारणेच्या काठी 'नाव लागली का?', 'नावेनं गेलो' असंच म्हणतात. औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन पलीकडच्या भुवनेश्वरीला जाणारे नावेत किंवा होडीत बसतात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावरून पलीकडे कोथळीला जायलाही पूल होण्याआधी नावच होती. पात्रांच्या तोंडी 'तर' घातलात तर ते आमच्याकडच्या माणसाचं बोलणं वाटणार नाही.

मात्र नाव म्हणजे वस्तू आणि तर म्हणजे ती वस्तू ठरलेल्या दोन काठांमध्ये ये-जा करण्याची व्यवस्था, हा फरक उरतोच. 'गावात तीन नावा होत्या, पण तर एकच' या वाक्याला अर्थ आहे. दोन नावा मासेमारीच्या, एक माणसं नेण्याची. व्यवस्थेविषयी लिहायचं असेल तेव्हा मला 'तर' हाच शब्द नेमका वाटतो. तो वापरात राहावा असं मला मनापासून वाटतं.

हे दोन शब्द एकमेकांचे नातलग आहेत का?

सख्खे. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला 'तॄ' धातू आहे : पार होणे, पलीकडे जाणे. त्याला 'उत्' लागून उतरणे आणि उतार हे शब्द झाले. नुसत्या धातूतून तर, तरणे, तारणे, तारू आले. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतो, तेव्हा देवाला आपण नावाडीच केलेलं असतं. 'केलंस ना, आता निस्तर' यातला निस्तरही तोच, म्हणजे पार पाड, बाहेर निघ. वैतरणा, वैतरणी त्याच घरातल्या. एसटीतला 'उतारू'ही उतरण्यावरूनच आला.

आणि तीर्थ. मूळ अर्थ पाण्यात उतरण्याची, पलीकडे जाण्याची जागा. देऊळ तिथे नंतर आलं. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावर संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावं समोरासमोर काठांवर आहेत. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, हरिपूरला संगमेश्वर. आपल्याकडची मोठी तीर्थं पाहिली तर बहुतेकांना घाटाच्या पायऱ्या आहेत, म्हणजे पाण्यात उतरायची वाट आहे. सांगलीच्या जैन वस्तीत वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला मी जेव्हा सांगितलं की तीर्थंकर म्हणजे 'तीर्थ करणारा', दुसऱ्यांना पार होता यावं म्हणून उतार करून देणारा, तेव्हा ती म्हणाली, "रोज नाव घेतो, पण नदी कधी डोळ्यापुढे आली नव्हती."

जुन्या पत्रांत 'नर्मदा उतरून' असं वाचलं. म्हणजे नदीवरून खाली उतरले?

नाही, पार केली. पेशवाईतल्या लिखाणात 'यमुना उतरून', 'नर्मदा उतरून' असे प्रयोग नेहमीचे आहेत. तिथे उतरणे म्हणजे फौजेसह पलीकडे जाणे, मग ते पायउताराने असो की नावांनी. आजच्या वाचकासाठी लिहिताना कंसात 'पार करून' द्यायला हरकत नाही, पण मूळ शब्द बदलू नये.

उतार सापडणं किती मोलाचं होतं हे पानिपतच्या मोहिमेत दिसतं. १७६० च्या पावसाळ्यात यमुना भरून वाहत होती. अब्दाली पूर्वेच्या काठाला, भाऊसाहेबांची फौज पश्चिमेच्या. मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, पण मधल्या पाण्यामुळे अब्दालीला काही करता येत नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ त्याला उतार मिळाला, त्याची फौज नदी उतरली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याची एक सुरुवात नदीच्या एका उथळ पट्ट्यावर झाली. अशा मजकुरात 'उतार' शब्दाच्या जागी 'घाट' किंवा 'किनारा' घातला की सगळं कारणच हरवतं.

'ओलांडणे' आणि 'पार करणे' चालेल का?

चालेल. ओलांडणे लहान गोष्टीला शोभतं : उंबरठा, ओहोळ, ओढा. कृष्णेला 'ओलांडली' म्हटलेलं मला थोडं तोकडं वाटतं, पण वर्तमानपत्रांत ते रुळलंय आणि चूक मुळीच नाही. 'पार' म्हणजे पलीकडचा काठ. 'अटकेपार' यातला पार हाच. कसे गेलात हे सांगायचं नसेल तेव्हा 'पार करणे' सोयीचं.

उतार ओळखायचे कसे?

जुनी माणसं आधी कान लावायची. खळखळ आहे तिथे पाणी उथळ, गप्प आहे तिथे डोह. पात्र रुंद झालं की खोली कमी होते, चिंचोळं झालं की वाढते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला नदी काठ कोरते आणि खोल होते, आतल्या अंगाला वाळू टाकते. उतार बहुधा सरळ नसतो. तो एका काठावरून तिरका जातो आणि समोर थोडा खालच्या बाजूला निघतो.

माझी आजी उतार पार करताना चपला हातात घ्यायची नाही. "चप्पल पायात, काठी वरच्या अंगाला," असं सांगायची. प्रवाह येतो त्या दिशेला तोंड करून काठी रोवायची, मग एक पाय, मग दुसरा. दोन्ही पाय कधी एकदम उचलायचे नाहीत. पाण्याकडे बघायचं नाही, समोरच्या झाडाकडे बघायचं, कारण वाहत्या पाण्याकडे बघत राहिलं की आपणच सरकतोय असं वाटून तोल जातो. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, कडेवर मी. तिच्या मानेचा घाम आणि गुडघ्याला लागणारं थंड पाणी, एवढं मला अजून आठवतं.

हे वाचून आज कुणी नदीत उतरू नये. जुने उतार आता भरवशाचे नाहीत. धोम, कोयना यांसारख्या धरणांतून पाणी कधी सुटेल ते काठावरून कळत नाही. जागोजागी बंधारे झाल्याने उन्हाळ्यातही पाणी तुंबून राहतं आणि उतार त्याखाली गेलेत. वाळू उपसलेल्या ठिकाणी तर गुडघाभर पाण्याच्या शेजारीच पुरुषभर खड्डा असतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. बुडत्याचा पाय खोलात ही म्हण अशा जागी शब्दशः खरी होते.

काहिलीतून नदी पार केली तर ती तर म्हणायची का?

याचं उत्तर मी 'नाही' देते, पण प्रश्न फार आवडीचा आहे.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची मोठी पसरट कढई. आमच्याकडे 'काईल' म्हणतात. सांगली-कोल्हापुरात नाव नसली की पुराच्या पाण्यात काईल टाकायची ही जुनी रीत. तिला नाळ (नावेचा पुढचा निमुळता भाग) नाही, टोक नाही, त्यामुळे ती पुढे जाण्याआधी गोल फिरते. आत बसणाऱ्याने मध्यभागी उकिडवं बसायचं आणि काठाला हात लावायचा नाही. दोन-तीन पट्टीचे पोहणारे बाहेरून तिला ढकलत नेतात. तळाला काजळीचा थर असतो. पार झाल्यावर कपड्यांना तो लागलेला असतो आणि हातांना गुळाचा चिकट वास.

सांगडीचंही तसंच. वाळलेले भोपळे किंवा ओंडके जोडून केलेला तरंगता आधार म्हणजे सांगड. आपण रोज 'दोन गोष्टींची सांगड घालतो' ती इथूनच आली. कृष्णेत पोहायला शिकणारी पोरं पाठीला भोपळा बांधत, पुढे त्याच्या जागी पत्र्याचा डबा आला.

या सगळ्या गरजेच्या वेळच्या युक्त्या आहेत. त्यांत माणूस तरतो, पण ठरलेली जागा, ठरलेला नावाडी, रोजची फेरी यातलं काही नसतं. म्हणून 'काहिलीतून पार झाले', 'सांगडीवर तरले' असं लिहावं.

बामणोली-तापोळ्याची लाँच ही तर आहे का?

माझ्या मते पूर्णपणे. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं आणि शिवसागर जलाशयाने खोऱ्यातल्या वाटा, उतार, शेतं पोटात घेतली. जी गावं एकमेकांना चालत जोडलेली होती त्यांच्यामध्ये पाणी आलं. आता बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याला जायचं तर लाँचने तास-दीड तास. पर्यटकांना ती सहल वाटते. पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला, शाळेच्या पोराला आणि दाखल्यासाठी तालुक्याला निघालेल्या म्हाताऱ्याला ती वाट आहे. गाड्या नेणाऱ्या बार्जला तिथे तराफाही म्हणतात. बोलीत 'लाँच' पक्कं झालंय, तेच ठेवावं. पण तिथल्या लोकांच्या रोजच्या येण्या-जाण्याबद्दल लिहिताना 'बोटिंग' लिहिलेलं दिसलं की मी ते काढते.

बंधारा, फरशी, साकव?

यांपैकी काहीही उतार किंवा तर नाही. फरशी म्हणजे ओढ्याच्या पात्रातला सपाट, बुटका रस्ता. साकव म्हणजे छोटा पायपूल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून लोक ये-जा करतात, पण तो बांधलेला असतो पाणी अडवायला. फरशी बहुतेक वेळा जुन्या उतारावरच घातलेली असते, हे मात्र लक्षात ठेवावं.

होडी उचलून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेतात, त्याला मराठी शब्द काय?

एकच रुळलेला शब्द नाही. 'होडी खांद्यावरून नेली' असं सरळ लिहावं. उगाच संस्कृत जोडशब्द घडवू नये.

आमच्या गावचा उतार कुठे होता हे आता कुणालाच सांगता येत नाही. शोधायचं कसं?

उन्हाळ्यात सकाळी काठाने चाला. शेतांमधून येणारी जुनी पाणंद नदीपाशी येऊन उगाच संपलेली दिसली तर थांबा आणि समोरच्या काठावर तशीच खोबण आहे का बघा, जरा खालच्या अंगाला. काठावर एखादा शेंदूर लावलेला दगड, म्हसोबा किंवा मरीआईचं छोटं ठाणं असतं, कारण पाण्यात पाय घालण्याआधी हात जोडले जायचे. पलीकडच्या गावात कुणाकुणाच्या लेकी दिल्यात ते विचारा. सोयरीक बहुधा उतार असेल तिथेच जुळायची. आणि गावातल्या ऐंशीच्या पुढच्या बायकांना विचारा. पुरुष पुलाचं वर्ष सांगतात, बायका माहेरची वाट सांगतात.

माझ्या आजोळचा उतार मला असाच सापडला. आजी तेव्हा अंथरुणाला होती. तिने विचारलं, "काठावरची चिंच हाय का अजून?" मी म्हटलं, चिंच नाही, बुंधा आहे. तिने हात उचलून खालच्या अंगाला तिरका दाखवला आणि म्हणाली, "तिथनं शिरायचं, अन् रामोशाच्या वावराकडं निघायचं. मधी एक मोठा धोंडा लागंल, त्येच्या खालनं जा, वरनं नको."